फुली मारलेलं हेड

खाजा मिस्त्रीला कुणी "कधी होईल?" असं विचारलं की तो हातातलं काम खाली ठेवायचा. आदळआपट नाही, आवाज चढवणं नाही. पाना फडक्यावर ठेवायचा, हात पुसायचा आणि विचारायचा, "तुमाला टाइम पायजे का इंजन?" समोरचा गप्प बसला तर काम पुन्हा सुरू. नाही बसला तर खाजा उठून चहाला जायचा आणि चहा बशीत ओतून, फुंकर मारमारून इतका वेळ प्यायचा, की आपण विचारलं काय होतं हे त्या माणसानंच विसरून जावं. लातुरातल्या भल्याभल्या गाडीमालकांनी या माणसापुढे हात टेकले होते.

त्याचं दुकान गंजाच्या, म्हणजे मुख्य बाजारपेठेच्या, मागच्या रस्त्यावर, एका कडुनिंबाखाली. पाटी नव्हती. ट्रकच्या जुन्या इंजिनांची हेडं करणारा म्हणून त्याचं नाव होतं. हेड म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचा ओतीव लोखंडाचा ठोकळा. व्हॉल्व्ह त्यात बसतात आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी त्याच्या पोटातल्या वाटांनी फिरतं. ते तडकलं की इंजिनाचा दम गेला. नवं इंजिन घेण्याची ऐपत नसलेले सगळे मग खाजाकडे यायचे आणि आल्या आल्या घाई करायचे.

डाळमिलवाले शिवअप्पा असेच आले होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सकाळी महादेवाचं दर्शन घेतल्याशिवाय गल्ल्याला हात न लावणारा माणूस. त्यांनी कुठूनतरी चकचकीत हेड आणलं होतं. खाजानं खिशातली छोटी हातोडी काढली, हेडाच्या चार कोपऱ्यांवर टकटक केलं आणि मान हलवली.

"अप्पा, हे न्हाई बसवत मी."

"अरे बाबा, गाडी माझी, हेड माझं. तुझं काय जातंय?"

"गाडी तुमची, हेड तुमचं. हात माझे हायत."

अप्पा तणतणत दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले. महिन्याभरात त्यांची तूर भरलेली गाडी नांदेडच्या रस्त्यावर उभी राहिली आणि अप्पा उन्हातान्हात चालत खाजाच्या बाकड्यावर येऊन टेकले. खाजानं मागचं काही काढलं नाही. "चहा घेता का अप्पा?" एवढंच म्हणाला. पुढे अप्पांनी भाच्यासाठी मोटरसायकल घेतली तीसुद्धा आधी खाजाच्या दारात उभी करून.

ही हातोडी त्याच्या वडिलांची. मुदखेडच्या जंक्शनवर गाडी थांबली की वडील डब्यांच्या कडेकडेनं चाकांवर हातोडी मारत जायचे. चाक शाबूत असेल तर खणखणतं, तडा असेल तर बद्द वाजतं. "अब्बांनी जिंदगीभर चाकाला एकच सवाल केला," खाजा सांगायचा. "हाव का न्हाई? गाडी लेट हाय म्हणून त्यांनी बद्द वाजणाऱ्याला कवा हाव म्हटलं न्हाई." हे सांगताना त्याची मान ताठ व्हायची. मला त्याचा हेवा वाटायचा, कारण माझी नोकरी सगळ्यालाच हो म्हणायची होती.

मी तेव्हा सरकारी भांडारात कारकून होतो. लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, पाट्यांचा रंग ओला, रबरी शिक्के अजून यायचे. त्यातच पाऊस रुसला. जिल्हा नवा, पण टँकरच्या गाड्या मात्र जुन्या; त्यांची दुरुस्ती खाजाकडेच असायची. त्यातली पाच नंबरची सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत कामाची, कारण खडकवाडीचा घाट तीच तेवढी चढायची. खडकवाडी टेकडीवर, विहिरी कोरड्या, वर जायला एकच रस्ता, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी. पाच नंबर वर गेली तर गाव पाणी प्यायचं, नाही गेली तर नाही.

त्या गाडीचा चालक नामदेव. भला माणूस, आणि त्याच्या भलेपणानंच घात केला. एका दुपारी घाटात रेडिएटर गळून कोरडा पडला. इंजिन तापून वाफ सोडायला लागलं. त्याच्या पाठीमागे टाकीत काठोकाठ पाणी होतं, पण त्यानं त्यातली एक बादलीही घेतली नाही. पाणी गावाचं; ते घागरी मोजून वाटायचं; त्यातलं इंजिनाला घालायचं हे त्याच्या मनालाच शिवलं नाही. तशीच कोरडी गाडी त्यानं शेवटची दोन वळणं वर नेली, थेंबन् थेंब वाटला आणि मग बघितलं तर हेड तडकलेलं.

आमचे साहेब त्याच्यावर इतके भडकले की त्याला निलंबित करायचंच बाकी होतं. खाजानं मात्र त्याला निंबाखाली नेलं, चहा पाजला आणि मग झापलं.

"पाचशे घागरीतली एक घागर इंजनाला दिली असती, तर बाकीच्या चारशे नव्व्याण्णव रोज गेल्या असत्या वर. येडा हायस का?"

"लोकांच्या तोंडचं पानी मिस्त्री, कसं घेऊ?" नामदेव रडकुंडीला आला होता.

"येडाच हायस." खाजानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पण बेइमान न्हाईस. बस, अजून एक चहा घे."

दोन दिवसांत खात्याकडून मंजूर झालेलं हेड आलं. हिरवा रंग, वर मेणकागद, बरोबर तपासणीचा दाखला. मी नोंद केली, साहेबांनी समाधानानं बघितलं आणि खाजाला भांडाराच्या आवारात बोलावून घेतलं. साहेब वाईट नव्हते. घाईत होते. रोज वरून फोन यायचा आणि रोज त्यांना काहीतरी झालं असं सांगावं लागायचं.

खाजानं हातोडी मारली. मला काही वेगळं ऐकू आलं नाही. त्याला आलं. त्यानं मला शेजारच्या शाळेतून खडू आणायला लावले. दोन व्हॉल्व्हच्या बैठकींमधल्या पट्टीवरचा रंग खरवडला, तिथं रॉकेल चोळलं, थोडा वेळ जाऊ दिला, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. पांढऱ्या पुडीत हळूहळू केसाएवढी ओली रेघ उमटली. तडा होता. कुणीतरी तो वरून लिंपून रंगवला होता.

"रेघ आहे, भोक नाही," साहेब म्हणाले. "पंधरा दिवस काढेल की नाही? तेवढ्यात पाऊस येईल."

"आन त्या पंधरा दिवसांत घाटात बंद पडली तर?"

"ब्रेक आहेत ना गाडीला."

"भरल्या टाकीला हे बरेक किती धरत्यात ते नामदेवला विचारा. आन मागं कोन असतं तेबी विचारा."

साहेबांनी विचारलं नाही, म्हणून खाजानंच सांगितलं. तो एकदा त्या गाडीबरोबर वर गेला होता. टाकी जुनी, मागच्या जोडातून झिरपायची. शेवटच्या चढाला गावातल्या बाया खाली येऊन थांबायच्या आणि ते झिरपणारं पाणी फुकट जाऊ नये म्हणून तांबे, कळशा लावून गाडीच्या मागं मागं चालायच्या. लेकरंही असायची. इंजिन तिथं बंद पडून गाडी मागं घसरली, तर खाली कोण येणार हे सांगायला मिस्त्री लागत नाही.

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. मला वाटलं, आता ते ऐकतील. पण तेवढ्यात कचेरीत फोन वाजला, आणि ते वळून म्हणाले, "बसवून टाका. हा माझा आदेश समजा."

खाजानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पेटीतून छिन्नी काढली, मोठा हातोडा घेतला आणि हेडाच्या सपाट केलेल्या तोंडावर, जिथं एक ओरखडा चालत नाही तिथं, दोन आडवे आणि दोन उभे घाव घातले. लोखंडात खोल फुली पडली.

"आता बसवा," तो म्हणाला.

मग माझ्याकडे बघून त्यानं कारणही सांगितलं, जणू मी त्याचा हिशेबनीस होतो. "नुस्तं न्हाई म्हणून बाजूला ठेवलं असतं, तर उद्या दुसऱ्यानं बसवलं असतं. आता कुनाचा बाप बसवीत न्हाई."

साहेबांनी मला आत बोलावलं आणि मजकूर सांगितला. मी लिहिला. 'सदर इसमाने शासकीय मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान केले.' माझं अक्षर चांगलं, त्यामुळे कागद फार छान दिसत होता. साक्षीदार म्हणून खाली सही माझी. तड्याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. तो घालू का, असं मी विचारलंसुद्धा नाही.

खाजाला आवारात पाऊल टाकायला बंदी झाली. ती जेमतेम दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी खडकवाडीची माणसं आली आणि रिकाम्या घागरी समोर मांडून फाटकाशी बसली. घोषणा नाही, निवेदन नाही. घशाला कोरड पडलेली माणसं काय ओरडणार? दुसरा कुठला मिस्त्री त्या इंजिनाला हात लावायला तयार होईना, कारण खाजानं जे नाकारलं ते बसवायचं म्हणजे गंजात तोंड दाखवायची सोय नाही. शेवटी साहेबांनीच खाजाला बोलावलं.

"शनिवारपर्यंत गाडी सुरू करा. हेड कुठून आणायचं ते तुम्ही बघा. पण त्यानंतर पुन्हा या फाटकात दिसायचं नाही. तो कागद मी वर पाठवणार आहे."

"पाठवा की," खाजा म्हणाला. "पर शनिवारी का कवा, ते हेडच ठरवंल."

हेड आणायला तो नांदेडला निघाला आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला मला पाठवलं. एसटीत पूर्ण वेळ तो खिडकीला डोकं टेकून झोपला. लक्ष ठेवायला काही उरलंच नाही. नांदेडात जुन्या मोंढ्याच्या मागे भंगाराचं आवार होतं, तिथं चाळीसेक हेडं उन्हात पडलेली. सकाळी गेलो ते दुपार उलटेपर्यंत तिथंच. आधी त्यानं हेडांवरचे ओतीव आकडे बघून आपल्या इंजिनाची वेगळी काढली. मग प्रत्येक हेडाच्या पाण्याच्या वाटांत बोट घालून वास घेतला. कशाचा, ते विचारलं तर म्हणाला, "खाऱ्या पान्यानं सडलेलं वासावर कळतं." उरलेल्यांवर हातोडी. मग बैठकींवरून नख फिरवणं. भंगारवाला दोनदा नवं दिसणारं एक हेड पुढे करून गेला. खाजानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी त्यानं निवडलं ते सगळ्यांत भिकार दिसणारं. गंजलेलं, वर कावळ्यांची शिट, एका कोपऱ्याचा कधीतरी टवका उडालेला.

"हे?" मी म्हणालो.

"हाव. ह्यानं लई घाट बघितले. तुटायचं असतं तर कवाच तुटलं असतं."

लातूरला आल्यावर त्यानं ते सोड्याच्या पाण्यात उकळून, तारेनं खरवडून आतून साफ केलं. मग सगळ्या वाटा रबर लावून बंद केल्या, एका भोकातून सायकलच्या पंपानं हवा भरली आणि बाहेरून साबणाचा फेस चोळला. एरवी तो हेड हौदात बुडवून बुडबुडे बघायचा, पण त्या वर्षी हौद भरण्याइतकं पाणी होतं कुणाकडे? कुठंच बुडबुडा आला नाही. सपाटी मापायला तो भल्या सकाळी यायचा, कारण ऊन लागलं की लोखंडही फुगतं आणि मापायची पट्टीही. पट्टीखाली कागदाहून पातळ पातं सरकतंय का बघायचं, निळा रंग लावून काचेवर घासायचं, उंचवटा दिसेल तिथं खरवडायचं, पुन्हा घासायचं. त्या दोन दिवसांत निंबाखाली चपला घालून यायला कुणाला परवानगी नव्हती. धूळ नको. साहेबांचा शिपाई निरोप घेऊन आला, त्यालाही चपला रस्त्यावर काढायला लावल्या. निरोप 'कधी होईल?' असाच होता. खाजानं पाना खाली ठेवला.

व्हॉल्व्ह त्यानं हातानं घासून बसवले, दोन तळव्यांत काठी धरून ताक घुसळल्यागत. मग वरून रॉकेल ओतलं आणि तसंच ठेवलं. सकाळी खाली बोट लावलं तर कोरडं. बोट त्यानं माझ्या नाकापुढे धरलं आणि पहिल्यांदा हसला. दात पानानं लाल झालेले.

शनिवारी नाही, रविवारी दुपारी गाडी सुरू झाली. आवाज असा गोल, की नामदेवनं स्टिअरिंगला नमस्कार केला. खाजा साहेबांना म्हणाला, "घाटाच्या पायथ्यापत्तूर नेली की इंजन पुरतं गरम होतंय. तिथं बोल्ट परत कसायला लागत्यात. हेडाखालचं पॅकिंग दबून बसतं, बोल्ट ढिले पडत्यात. मी संग येतो."

"तुमचं काम झालं," साहेब म्हणाले. "फाटक तिकडं आहे."

खाजा पेटी उचलून गेला. इतक्या सहज गेला की मला आश्चर्य वाटलं. वाटायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पाच नंबर पाणी भरून निघाली. मागून जीप, जीपमध्ये साहेब आणि मी. घाटाच्या पायथ्याशी गाडी उभी दिसली. रस्त्याच्या मधोमध पेटी आणि पेटीवर खाजा. पहिल्या एसटीनं येऊन बसला होता. आम्ही उतरेपर्यंत तो बॉनेट उघडून, वरचं झाकण काढून बोल्ट कसायला लागलाही होता. बोल्ट मधून कडेला कसत जायचे, एक झाला की त्याच्या समोरचा. त्याचे उस्ताद निजामाबादकडचे, म्हणून बोल्ट मोजायचा तो तेलुगूत. "ओकटी... रेंडु... मूडु..."

"कुणाच्या परवानगीनं गाडी अडवली?" साहेब ओरडले.

"नालुगु... अइदु..."

"मी तुम्हाला विचारतोय!"

खाजानं पूर्ण फेरी संपवली. पाना पुसला. मग म्हणाला, "साहेब, चार बोल्ट ढिले निघाले. तुमच्या परवानगीची वाट बघितली असती तर वर जाऊन उडाले असते." आणि दुसरी फेरी सुरू केली. साहेब जीपमध्ये जाऊन बसले. उन्हात दुसरं करण्यासारखं काही नव्हतंही.

तो झाकण बसवत होता तेव्हा मी जवळ गेलो. त्याच्याकडे न बघता म्हणालो, "खाजाभाई, त्या कागदावर सही माझी आहे."

"म्हाईत हाय. बरं केलं. फुली मीच मारली, खोटं थोडंच हाय." त्यानं शेवटचा नट हातानं फिरवला. "का मारली ते लिवलं का त्यात?"

"नाही."

"मग अर्धंच लिवलं की, कारकूनसाब."

त्यानं हे रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण त्यानं ते हेडाबद्दल बोलावं तसं म्हटलं, मापून.

गाडी चढाला लागली. मला वाटलं होतं, खाजा आता लातूरच्या वाटेला लागेल. तो वर निघाला. खांद्यावर पेटी घेऊन, गाडीच्या मागच्या चाकांपासून चार पावलांवर, बरोबर रस्त्याच्या मधोमध. तिथं वर बाया चालायच्या त्या जागी. गाडी पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं. टाकीच्या जोडातून झिरपणारं पाणी त्याच्या पायांपुढे सांडत होतं. गाडी मागं आली असती तर आधी तोच सापडला असता.

मागून आमची जीप. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. खाजा बाजूला झाला नाही. पुन्हा वाजवला. "बहिरा आहे का हा?" साहेब म्हणाले. तो बहिरा नव्हता. सगळ्या जिल्ह्यात त्याच्याइतका कान कुणाचा नव्हता, आणि त्या वेळी तो कान गाडीकडे लागला होता. वळणामागून वळण गेलं. साहेबांनी ड्रायव्हरच्या हातावर हात ठेवला आणि हॉर्न थांबवायला सांगितलं. मग जीपमध्ये फक्त इंजिनाचा आवाज येत राहिला.

शेवटच्या चढावर बाया उभ्या होत्या. गाडी आली तशा त्या कळशा घेऊन मागं आल्या. खाजानं त्यांना हातानं मागं सारलं. "आज न्हाई माय, आजच्या दिवस लांब राहा," असं काहीतरी म्हणत तो एकटाच चालत राहिला. गाडी चढाच्या टोकावर पोचली, सपाटीला लागली आणि नामदेवनं गिअर बदलला. वर एकच गलका झाला.

तेव्हा कुठं खाजा रस्त्याच्या कडेला झाला. जीप पुढे जाताना मी बाहेर बघितलं. साहेबांनीही बघितलं. त्यानं पेटी खाली ठेवली होती आणि तो डोंगराकडे तोंड करून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, वाकून धापा टाकत होता.